ऊन न लागलेली जागा

टॉवेल तपासायची माझी रीत साधी आहे.
काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वर कापड,
आणि उजेड जिथे अडखळतो तिथे खडूची खूण.
तुटलेला बाणा, सुटलेलं फूल, तेलाचा डाग.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
मी खोट शोधते.

स्वतःच्या कमरेखालची नऊ वर्षं सापडली नाही.

तांबूस चट्टा. वरची कातडी पातळ, बारीक चुरगळलेली,
सासूच्या सुपात विसरलेलं विडीचं पान
सुकल्यावर होतं तशी.
नायटा, म्हणाला साखर पेठेतला मेडिकलवाला.
मलम लावलं की विरायचा,
दिवाळीनंतर शेजारी दुसरा उगवायचा.
मग कुणी सोरायसिस म्हणालं, कुणी घामोळं,
सोलापूर आहे बाई, चव्वेचाळीस डिग्री, होणारच.
घरात टॉवेलांच्या थप्प्या,
आणि माझा एकटा,
मोरीच्या कोपऱ्यात, खिळ्यावर.

डॉक्टर हिरेमठांनी तीनदा तुकडा काढला,
हरभऱ्याच्या डाळीएवढा.
दोनदा रिपोर्ट आला: काही ठाम सांगता येत नाही.
तिसरा पुण्याहून आला आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

लिंफोमा. कॅन्सरच, पण कातडीतला, संथ.
मायकोसिस फंगॉइड्स म्हणतात.
नावात बुरशी आहे, आजारात नाही.
दोनशे वर्षांपूर्वी कुणी गाठी पाहिल्या,
त्याला अळंब्या वाटल्या, तेच चिकटलं.
मी म्हटलं, आमच्या बोळाला बग्गीखाना म्हणतात,
बग्गी कुणी पाहिलेली नाही.
ते हसले. मग मीही.

रक्तात पहारेकरी असतात, ते सांगत होते,
कातडीत काही खुट्ट झालं की येतात, बघतात, जातात.
यातले काही गेलेच नाहीत.
तिथेच राहिले, वाढत गेले.
कशासाठी थांबले?
ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही, म्हणाले.
नऊ वर्षांत
माहीत नाही म्हणणारा हा पहिला माणूस.

मरेन का, हे मी चप्पल घालताना विचारलं.
हा बहुतेक सोबत राहील, म्हणाले,
पण याच्यामुळेच जाल असं नाही. लवकर सापडलाय.
लवकर!

आणि औषध काय, तर उजेड.

मी खिडकीबाहेर पाहिलं.
चैत्रातली दुपार, डांबर मऊ झालेलं,
रिक्षावाला सीटवर पाणी मारतोय.
या गावात कमी काय आहे?
ते म्हणाले, चट्टे कुठे आहेत बघा.
कमरेखाली, मांडीच्या आत, स्तनाखाली.
जिथे ऊन कधी पोचलं नाही
तिथेच हा आधी बसतो.

खरं होतं.
त्या जागेला ऊन ठाऊक नाही.
नवऱ्यालाही ती अंधारातच ठाऊक.

आता आठवड्यातून तीनदा मी पेटीत उभी राहते.
उभं कपाट, आत चोवीस ट्यूबा,
डोळ्यांवर काळा चष्मा, अंगावर काही नाही.
पहिल्या दिवशी चाळीस सेकंद.
तबस्सुम सिस्टर बाहेरून ओरडते, हात वर, भूदेवी मावशी,
काखेलाही लागू दे.
निळसर गुणगुण सुरू होते
आणि मला वाटतं, मी माझ्याच टेबलावर पडलेय.
फक्त इथे खडू कुणाच्या हातात नाही.
वेळ संपली की पेटी किंचाळते,
आजोबांच्या गिरणीचा भोंगा असाच असेल:
पाळी संपली रे, निघा घरी.
निघतात का, कोण जाणे.
खाज मात्र रात्रीची झोपू देऊ लागली आहे.

परवा सासूनं विड्या वळता वळता विचारलं,
तग्गिंदा? कमी झालं का?
मी म्हटलं, कोंचेम. थोडं.
दाखव, म्हणाली.
दार लावलं. झरोक्यातून उन्हाचा एक चौकोन
फरशीवर पडला होता, त्यात उभी राहिले.
तिनं चष्मा पुसला, अंगठ्यानं दाबून पाहिलं,
भिजवलेलं पान कापायला आलं का, ते बघतात तसं.
अजून कोरडंच आहे, म्हणाली,
आणि परत सुपाशी जाऊन बसली.
संध्याकाळपर्यंत हजार व्हायच्या होत्या.

टॉवेल अजून खिळ्यावरच आहे.
सोमवारी चार मिनिटं दहा सेकंद.